खंडेनवमीला धुतलेला कीबोर्ड

"घाल तिच्या गळ्यात," मॅनेजर म्हणाले.

मी घातला.

कॉम्प्युटरचा कीबोर्ड होता तो. काळी लांब वायर. त्या वायरीचा फास करून मी तो माझ्या बायकोच्या गळ्यात घातला. सकाळची प्रार्थना नुकती संपली होती. हायस्कुलातली सगळी पोरं रांगेत उभी. मास्तर, बाई, क्लार्क, सगळे हजर. कीबोर्ड तिच्या छातीवर लोंबत होता आणि त्याच्यावर तिनं लावलेली हळद आणि पिंजर, आमच्याकडचं कुंकू, अजून तशीच होती.

"पूजा केलीस मगे? मग देवाक हार नाका?" मॅनेजर तिला म्हणाले. पोरं हसली. मग त्यांनी आवाज चढवला. "कॉम्प्युटराक न्हाण घातलंय हिणे. आता ओटी भर गो तेची."

पोरं अजून हसली. दोन मास्तरही हसले. नववीच्या मुलींच्या रांगेत माझी मुलगी दीपाली होती. ती हसली नाही. ती आईकडेही बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

मी त्या शाळेचा शिपाय. बायको जयवंती तिथंच झाडू मारायची. आणि मॅनेजर म्हणजे आमचे भाटकार. डिचोलीकडे आमचा गाव, तिथं त्यांच्या भाटात आमचं घर. भिंती आम्ही रचलेल्या, खालची जमीन त्यांची. अशा माणसाला आमच्यात मुंडकार म्हणतात. माझा बाप त्यांचा मुंडकार, मीही. गोवा मुक्त झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पोर्तुगेज गेले, झेंडा बदलला, भाटकाराच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, आम्ही उभेच राहिलो. तिथल्या खुर्चीवर, कदेलीवर, माझा बाप मरेपर्यंत बसला नाही. मीही बसलो नाही. चौथी शिकलो होतो म्हणून शिपायाची नोकरी त्यांनीच लावून दिली. घर त्यांच्या जमिनीत, पगार त्यांच्या शाळेत. तेव्हा ते म्हणाले घाल, म्हणून हात गेला. असं मी स्वतःला तीस वर्षं सांगत आलो.

हात माझा होता.

झालं कसं ते सांगतो. त्या वर्षी शाळेत पहिल्यांदा चार कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी वेगळी खोली केली. पडदे लावले, एसी बसवला. प्रिन्सिपॉलच्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि कॉम्प्युटरांना एसी. वहाणा बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. पोरं तर आत शिरताना उंबऱ्याला हात लावून पाया पडायची. शिकवायला पणजीहून एक तरुण सर आठवड्यातून दोनदा बसनं यायचे. चष्मा, हडकुळे, बोलणं मऊ. आम्हाला ते अहोजाहो करायचे, त्याची आम्हालाच लाज वाटायची.

जयवंतीला मॅनेजरांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. "टेबलाच्या खालचें तुझें. टेबलाच्या वयलें सराचें." तिनं ते पाळलं. रोज फरशी पुसायची. टेबलाला कधी हात लावला नाही. पुसता पुसता वर बघायची मात्र. एकदा मला म्हणाली, "पोरांची बोटां लागून लागून तेंची अक्षरां काळी झाली हत. कोण पुसणा नाय."

मग खंडेनवमी आली.

आमच्या शाळेत खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडायची रीत. शिपायाचं काम ते. शाळेची घंटा, तिचा लाकडी दांडा, गवत कापायचा कोयता, पिकास, प्रयोगशाळेतला तराजू, ऑफिसातला टाइपरायटर. सगळं एका पाटावर. पण मांडायच्या आधी धुवायचं. मळक्या हत्याराला आमच्यात कुणी पिंजर लावत नाही. कोयता सोडणानं घासायचा, म्हणजे नारळाच्या काथ्यानं, मग उन्हात ठेवायचा. जयवंतीचा बाप दोडामार्गाकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. तो खंडेनवमीला ट्रक नदीत गुडघाभर पाण्यात उतरवून चाकांपासून टपापर्यंत घासायचा, मग रोजांची, झेंडूच्या फुलांची माळ घालायचा. तिच्या लेखी यंत्राची पूजा म्हणजे आधी यंत्राची आंघोळ.

मॅनेजरांनी आदल्या दिवशी मला सांगितलं, "कॉम्प्युटराचें कितें तरी मांड रे. नवें आसा, लोकांक दिसूं दी."

आता जे लिहितो ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांना वायर काढताना मी पाहिलं होतं. मागं हात घालून मी एका कीबोर्डाची वायर काढली. सगळ्यात मळका होता तो. मीच नेऊन जयवंतीच्या हातात दिला. म्हटलं, "हा धू. काळो झालोय."

ती म्हणाली, "पाणी चलात हेका?"

मी म्हटलं, "चलता. टाइपरायटर पुसतांव मगे आपण?"

टाइपरायटर मी कोरड्या फडक्यानं पुसायचो. पण तिच्यासमोर मला कळत नाही असं म्हणवेना. शाळेत मला कुणी काही विचारत नसे. ती एकटी विचारायची. तिला मी ठाऊक असल्यासारखं उत्तर दिलं.

तिनं तो विहिरीवर नेला. साबण लावून धुतला. फटीफटीत काडी घालून मळ काढला. सुपात ठेवून उन्हात वाळवला. संध्याकाळी बघितलं तर पांढरा शुभ्र. एवढी खूश झाली होती. मधल्या ओळीत बोटानं हळद-पिंजर लावली, वर एक रोजाचं फूल ठेवलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सरांनी तो जोडला. चालेना. पिंजर बघितली आणि विचारलं, काय झालं. मॅनेजर तिथंच होते.

"कोणें केलें हें?"

मी दोन पावलं मागं सरलो, एवढं आठवतं. जयवंती दारात फडकं घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "मिया धुतलंय."

खरंच होतं ते. तिनंच धुतला होता. पुढचं वाक्य माझं होतं आणि मी ते बोललो नाही.

सर म्हणाले, "बदलून घेऊ, मोठी गोष्ट नाही." मॅनेजरांना ती मोठी करायची होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला काय केलं ते वर लिहिलंच आहे.  वायर गळ्यात घालताना माझी बोटं तिच्या मंगळसूत्राला लागली. मणी गरम होते. ती सरळ समोर बघत उभी राहिली. तिला तेव्हाच बोलता आलं असतं, की ह्यांनीच दिला मला. बोलली असती तर माझी नोकरी गेली असती.

एवढ्यावर भागलं नाही. ऑफिसात बोलावून मॅनेजरांनी माझ्यापुढं कागद ठेवला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझी बायको अडाणी असून तिनं माझ्या नकळत संस्थेच्या यंत्राचं नुकसान केलं. यापुढं तिला शाळेच्या आवारात येऊ देणार नाही. माझं अक्षर चांगलं होतं. वळणदार. "माझ्या नकळत" हे शब्दसुद्धा मी चांगले काढले.

माझ्या सहीखाली अंगठा तिचा पाहिजे होता. तिला वाचता येत नव्हतं. विचारलं, "काय बरयलास?"

"तुझी चूक झाली, असां."

"माझी?"

एवढंच म्हणाली. मग शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि टेकवला. क्लार्कनं पुसायला कापूस दिला. तिनं घेतला नाही. पदराला पुसला.

तो कागद नोटिसांच्या फळ्यावर टाचला. फळ्याची चावी माझ्याकडेच. पंधरा दिवस मी रोज सकाळी फळ्याची काच पुसली.

घरी त्या रात्री तिनं भात वाढला आणि म्हणाली, "वायर घालताना तुमचो हात थरथरलो नाय." पुन्हा त्या गोष्टीवर ती कधीच बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आमचा संसार चालला. ती सर्वणला लोकांच्या शेतात लावणीला जायला लागली, उन्हाळ्यात काजूत. शाळेच्या आवारात तिनं परत पाय ठेवला नाही. दीपालीला दहावीत शाळेत पहिली आल्याचं बक्षीस मिळालं, तेव्हा ही गडग्याबाहेर उभी राहून लाउडस्पीकरवर नाव ऐकून परत आली. मी आत होतो, खुर्च्या मांडत. लोकांना मी सांगायचो, हट्टी आहे हो ती.

आता कीबोर्डाचं. चार-पाच दिवसांनी सरांनी तो परत जोडला तर चालला. आत पाणी राहिलं होतं, ते सुकलं. तीन-चार अक्षरं अडत होती, बाकी सगळी ठीक. सरांनी मॅनेजरांना जाऊन सांगितलं. मी दारात उभा होतो. मॅनेजर म्हणाले, "जालें तें जालें." कागद फळ्यावरच राहिला. सर खोलीत परत आले ते लालबुंद होऊन. दीपाली वर्ग संपला तरी तिथंच बसली होती. सरांनी तिच्या हातात स्क्रू काढायचं हत्यार दिलं आणि म्हणाले, "उघड. बघ आत काय आहे ते."

आत काही नव्हतं. दोन प्लॅस्टिकची पानं, बारीक रेघा मारलेली, आणि रबराच्या इवल्या इवल्या वाट्या. पोरीनं घरी येऊन आईला सांगितलं. "आई, आत एवढांच असता. भियेवपासारख्यां कायच नाय." जयवंती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग येवढी बोंब कित्याक मारली?"

तिथून दीपाली त्या मार्गाला लागली. म्हापशाला कॉलेज केलं. कॉम्प्युटर शिकली, मग बीएड. पेडण्यात एका हायर सेकंडरीत कॉम्प्युटर शिकवायला लागली. लग्न तिकडेच केलं. पुढं नोकरी सांभाळून शिकवायची साधनं बनवायचं काम सुरू केलं. खेड्यातल्या शाळांसाठी. कॉम्प्युटर नसले तरी पोरांना त्याची रीत कळावी म्हणून लाकडी ठोकळे, जमिनीवर अंथरायची चित्रांची चटई, बटणं असलेली एक पाटी. ती पाटी चिखलाच्या हातांनी धरली तरी चालते, पाणी सांडलं तरी चालते. मी एकदा विचारलं, आईची आठवण म्हणून काय गो? ती म्हणाली, "पेडण्यात पावस किती पडता तो बघा आदी."

तिची काम करायची पद्धत मला आधी कळत नव्हती. नवीन वस्तू केली की ती गावात घेऊन जायची. एखाद्या म्हातारीच्या हातात द्यायची, एखाद्या पोराच्या. स्वतः काही सांगायची नाही. वही घेऊन बाजूला बसायची आणि हात कुठं अडतो ते बघायची. एकदा माझ्याच हातात दिली. मी भलतंच बटण दाबलं. ओशाळून म्हटलं, माका जमना नाय गो, मी अडाणी.

"बाबा, असां म्हणा नकात." ती रागावलीच. "माणूस अडलो म्हणजे माणूस चुकलो न्हय. वस्तू चुकली. ती बदलूची. मी पोरांक पयल्या दिवशी ह्यांच शिकयतंय."

जयवंती चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत चुलीत फुंकर घातली. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ती जिवंत होती, मुलगी समोर होती, मध्ये कुणी भाटकार नव्हता. मी चहा मागितला.

जयवंतीला जाऊन दोन वर्षं झाली. पोटाचं दुखणं, तीन महिने. शेवटी ओळखायची नाही कुणाला. मला काय सांगायचं ते मी तेव्हाही तिच्या कानाशी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

गेल्या वर्षी शाळेत नवीन कॉम्प्युटर खोली झाली. उद्घाटनाला दीपालीला बोलावलं. मॅनेजर आता म्हातारे झाले, काठी घेऊन चालतात, पण मॅनेजर तेच. ते स्वतः आमच्या दारात आले. आमच्या घरी पहिल्यांदा. मी अंगणात उभा राहिलो, त्यांना खुर्ची दिली. म्हणाले, "तुझोय सत्कार करतांव. शाल, नाल्ल. दोन उतरां उलय. हांगा बरोवन हाडलां." आणि मी दोन शब्द काय बोलायचे त्याचा कागद दिला. त्यावर छापलेलं होतं, संस्थेच्या उपकारांमुळेच माझी मुलगी आज या पदाला पोचली.

पुन्हा कागद. मी घेतला. "होय बाब," म्हटलं. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, आणि तोंडातून तेच आलं.

दीपालीला दाखवला. तिनं वाचून परत दिला. "मी पोरांखातीर येतंय. तुमी काय वाचायचां तां तुमी बघा."

कार्यक्रमाच्या दिवशी मला स्टेजवर कडेला खुर्ची दिली. मॅनेजर भाषणाला उभे राहिले. स्टेजवर ते शुद्ध मराठी बोलतात. म्हणाले, काय दिवस होते ते, लोकांना कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. "आमच्याकडे एक झाडूवाली होती. तिनं खंडेनवमीला कॉम्प्युटरच साबण लावून धुतला! वर हळदकुंकू!" सभा खदाखदा हसली. पोरं बाकावर हात आपटून हसली. मॅनेजरही हसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. ती कोण होती हे ते विसरून गेले होते. एवढंच शिल्लक राहिलं होतं तिचं त्यांच्याकडे, एक हसायची गोष्ट.

आणि मी हसलो.

 भाटकार हसले की हसायचं, ही सवय. माझं तोंड हसलं. दात दिसले. दीपाली पलीकडच्या खुर्चीवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. नववीत बघितलं होतं तसंच. तोंड मिटलं माझं, पण उशीर झाला होता. तिनं बघितलं होतं.

मग माझं नाव पुकारलं. शाल घेऊन मॅनेजर पुढं आले. मी शाल घेतली नाही. माइक उंच होता, तो खाली करायलाही कुणाला सांगितलं नाही. टाचा वर करून बोललो. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

"ती झाडूवाली माझी बायको. जयवंती तिचां नाव. ह्या दीपालीची आई. कीबोर्ड तिणे धुतलो, पण धू म्हणून मिया सांगलंय. वायर काढून मिया दिलंय. तिणे विचारलां पाणी चलात काय, मी चलता म्हटलंय. मागीर सगळ्यांसमोर ती वायर तिच्या गळ्यात मीच घातलंय. घाल म्हणून ह्यांनी सांगलां. तो कीबोर्ड चार दिवसांनी चललो. ह्यांका म्हायत होतां. माकाय म्हायत होतां. उपकार बिपकार काय नाय. हसलात तां तिका हसलात. आता माका हसा."

कुणी हसलं नाही. एक पोर हसायला गेलं, त्याच्या बाईंनी त्याला दाबलं. मॅनेजर हातात शाल धरून उभे. प्रिन्सिपॉल पुढं झाले, "बसा, बसा, जुन्या गोष्टी." मी बसलो नाही. स्टेजवरून उतरलो आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेलो.  शूरपणा वगैरे काही वाटला नाही. लघवीला लागली होती.

गेटपाशी मॅनेजर मागून आले. काठी टेकत, धापा टाकत. "घर कोणाच्या भाटांत आसा, विसरलोस?"

"विसरूंक नाय, बाब," मी म्हटलं. 'बाब' हा शब्द निघालाच तोंडातून. पण थांबलो नाही.

कोणाला वाटेल मुलीनं येऊन मिठी मारली असेल. तिनं कार्यक्रम पुरा केला. पोरांना ठोकळे दिले, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसली. संध्याकाळी मला गाडीनं घरी सोडलं.  अंगणात गाडी थांबवून एवढंच म्हणाली, "धू म्हणून तुमी सांगलास?"

"होय."

"आणि आईन माका कधी सांगूंक नाय."

"नाय."

"ती जिती असताना तुमी बोललास असतास तर?"

मी गाडीचं दार उघडून उतरलो. ती पेडण्याला निघून गेली. फोन करते, जेवलात काय विचारते, ठेवते. पूर्वी अर्धा तास बोलायची. मी तिला दोष देत नाही. माफ कर म्हणूनही म्हणणार नाही. माफ करणारी गेली. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणाकडून माफी घेऊन मी हलका होणार नाही.

चार दिवसांनी मॅनेजरांचा माणूस आला. बलकांवावर येऊन चूक झाली म्हण, मिटवून टाकतो, असा निरोप. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बसनं डिचोलीला मामलेदार कचेरीत गेलो आणि मुंडकाराच्या हक्कासाठी घराच्या नोंदणीचा अर्ज घातला. कायदा जुना आहे. भाटकार नाराज होतील म्हणून मी आजपर्यंत घातला नव्हता. अर्ज मीच लिहिला, कुणी सांगितलेलं नाही. नोटीस त्यांना गेली आहे. घर राहील की मोडेल ठाऊक नाही. मोडलं तर रस्त्यावर बसेन, पण त्या बलकांवाची पायरी चढणार नाही.

आणि एक करतो. दीपालीचं नाव आता लोकांना माहीत आहे. दुकानावर, बसस्टॉपवर, लग्नात कुणीतरी विचारतंच, मुलीला कॉम्प्युटरचा नाद कुणी लावला हो? तेव्हा मी सगळं सांगतो. पहिल्यापासून. आधी माझा भाग सांगतो, मग मॅनेजरांचा. लोक चुळबुळतात. कुणी घड्याळ बघतं. कुणी खांद्यावर हात ठेवतं, म्हणतं, राहू दे आबा, ती बिचारी गेली, आता कशाला.

मी राहू देत नाही.